पोटात कावळे, हातात ग्लास: भुकेची हॉर्मोन्स आणि दारूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘रिकाम्या पोटी घेऊ नकोस’ हा सल्ला पिणाऱ्यांच्या टेबलावर एकमेकांना दिला जातो, घरी आई देते, डॉक्टरही देतात. सल्ला बरोबर आहे. त्यामागचं कारण मात्र बहुतेकांना अर्धंच ठाऊक असतं. उरलेलं अर्धं कारण जठरातून मेंदूकडे जाणाऱ्या निरोपांमध्ये दडलेलं आहे, आणि ते प्रामुख्याने गेल्या दीड-दोन दशकांत उलगडत गेलं.

रिकाम्या पोटी दारू लवकर चढते. त्यात हॉर्मोनचा काय संबंध?

आधी नेहमीचं कारण. दारूचं शोषण मुख्यतः लहान आतड्यात होतं. पोटात अन्न असेल तर जठर आपला माल हळूहळू खाली सोडतं आणि दारूही त्या रांगेत अडकते. रिकाम्या जठरातून ती थेट आतड्यात उतरते आणि साधारण अर्ध्या ते एका तासात रक्तातलं प्रमाण टोकाला पोचतं. जेवणानंतर तेवढीच दारू घेतली तर ते टोक उशिरा येतं आणि बुटकंही असतं.

हा झाला नळ आणि तोटीचा हिशोब. दुसरी गोष्ट अशी की भुकेल्या माणसाचा मेंदू वेगळ्या मनःस्थितीत असतो. जे काही सुख देऊ शकेल त्याकडे तो जास्त ओढला जातो, आणि दारू त्याच रांगेत उभी असते. म्हणजे रिकाम्या पोटी दारू जास्त वेगाने चढते आणि ती हवीशीही जास्त वाटते. पहिल्या भागाबद्दल सगळे बोलतात, दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हे पान.

घ्रेलिन म्हणजे काय?

भूक लागल्याचा निरोप मेंदूला पोचवणारं हॉर्मोन. ते मुख्यतः जठराच्या अस्तरात तयार होतं. १९९९ मध्ये मासायासू कोजिमा आणि केन्जी कांगावा या जपानी संशोधकांनी ते उंदराच्या जठरात शोधलं. गंमत म्हणजे कुलूप आधी सापडलं होतं आणि किल्ली नंतर. ज्या ग्राहीवर घ्रेलिन जाऊन बसतं ती ग्राही १९९६ पासून माहीत होती, पण तिच्यावर शरीरातलं नेमकं काय बसतं हे कोडं तीन वर्षं सुटलं नव्हतं. शोध घेणाऱ्यांनी मेंदू पालथा घातला आणि उत्तर निघालं पोटात.

जेवणाच्या वेळेआधी रक्तातलं घ्रेलिन चढतं, जेवलं की उतरतं.

पण भुकेचं हॉर्मोन दारूच्या वाटेला गेलं कसं?

घ्रेलिनच्या ग्राही फक्त हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे भुकेचा कारभार चालतो तिथेच असत्या, तर प्रश्न आला नसता. पण त्या मेंदूच्या मधल्या भागात, जिथून डोपामिन या बक्षिसाची जाणीव देणाऱ्या रसायनाचा मुख्य पुरवठा निघतो, तिथेही आहेत. तिथल्या पेशी खवळल्या की पुढे न्यूक्लियस अॅक्युंबेन्स नावाच्या केंद्रात डोपामिन सुटतं आणि ‘हे पुन्हा हवं’ अशी नोंद होते. जेवणाचा वास, जिंकलेला डाव, सिगारेट, दारू हे सगळे अखेर याच रस्त्याने जातात. भुकेल्या प्राण्याने अन्नासाठी धडपडावं म्हणून निसर्गाने भुकेच्या निरोपाला या रस्त्यावर वाट काढून दिली. त्या वाटेवर बाटलीही उभी राहील हे त्याच्या गणितात नसावं.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या एलिसाबेट येरल्हाग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे उंदरांवर दाखवून दिलं. उंदरांच्या मेंदूत घ्रेलिन सोडलं की ते जास्त दारू पीत. उलट ज्या उंदरांत घ्रेलिनची ग्राहीच नव्हती किंवा औषधाने ती बंद केली होती, त्यांचं पिणं घटलं, आणि दारूने डोपामिनची जी उसळी यायला हवी तीही आली नाही. मला यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कमी पिणं एक वेळ भूक मेल्यामुळेही होईल, पण इथे दारूची मजाच फिकी पडलेली दिसते.

आणखी एक बाजू. दारूत कॅलरीही भरपूर असतात, ग्रॅमला ७. चरबीच्या ९ आणि साखरेच्या ४ यांच्या मधोमध. नेहमीच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगात साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे १४० च्या आसपास कॅलरी, जवळपास दीड पोळी. तेव्हा भुकेल्या शरीराच्या नजरेत दारू अगदीच परकी नाही.

उंदरांचं ठीक आहे हो. माणसांवर कुणी पाहिलंय का?

पाहिलंय, आणि प्रयोग मोठे हुशारीचे आहेत.

अमेरिकेत लॉरेन्झो लेज्जो यांच्या गटाने दारूवर अवलंबून असलेल्या, भरपूर पिणाऱ्या ४५ जणांना शिरेतून घ्रेलिन किंवा नुसतं निरुपद्रवी द्रावण दिलं. मग त्यांच्यासमोर त्यांची आवडती दारू ठेवली, हुंगायला दिली, आणि तलफ किती आहे ते विचारलं. जास्त मात्रेत घ्रेलिन मिळालेल्यांची दारूची तलफ वाढली. फळांचा रस ठेवला तेव्हा तसा फरक दिसला नाही. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढचा प्रयोग २०१८ चा. त्यात लोकांना खुर्चीत बसवून एक बटण दिलं. ते ठरावीक वेळा दाबलं की शिरेतून थेट दारू मिळणार. घ्रेलिन चालू असताना लोकांनी स्वतःला जास्त दारू देऊन घेतली. शिरेतूनच का? कारण तसं केलं की जठर, चव, वास, घशाची जळजळ हे सगळं बाजूला पडतं. पोट रिकामं आहे म्हणून दारू लवकर शोषली गेली, ही पळवाटच उरत नाही. राहतो तो फक्त मेंदू. याच अभ्यासात मेंदूचं स्कॅनिंगही केलं होतं. दारू मिळण्याची चाहूल लागली की अमिग्डाला या भावनांशी निगडित भागातली हालचाल घ्रेलिनमुळे वाढलेली दिसली.

प्रयोग लहान आहेत, हे विसरू नका. पण उंदीर आणि माणूस एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा ते दुर्लक्ष करण्यासारखं नसतं.

म्हणजे आधी जेवलं तर पिण्याची इच्छा कमी होईल?

बऱ्याच जणांची होते. पोटभर वरणभात खाऊन उठलेल्याला पेगची आठवण तितक्या तीव्रतेने होत नाही, हे पिणारे स्वतःच कबूल करतात. किंबहुना म्हणूनच ते आधी जेवत नाहीत. ‘जेवलो तर मजा जाते’ हे बारमधलं वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बरंच अचूक आहे.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मंडळींनी ही गोष्ट प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी ओळखली होती. उपाशी, चिडलेले, एकाकी किंवा दमलेले असाल तर सावध राहा, असं ते सांगतात. यादीत भूक पहिली आहे.

पण जेवण म्हणजे व्यसनावरचं औषध नव्हे. वर्षानुवर्षं पिणाऱ्या मेंदूत सवय, आठवणी, ताण, शरीराची मागणी असे अनेक दोर ओढत असतात. भुकेचा दोर त्यातला एक.

चकणा खाल्ला तर चालतो ना?

शेंगदाणे, चणे, उकडलेली अंडी हे रिकाम्या पोटापेक्षा नक्की बरं. शेव, वेफर्स, मसाला पापड यांतलं मीठ तहान वाढवतं, आणि त्या टेबलावर तहान कशाने भागवली जाते ते सांगायला नको. बारवाले खारट चकणा फुकट देतात ते काही तुमच्या जठराच्या काळजीपोटी नव्हे.

प्यायल्यावर एवढी भूक का लागते? रात्री बाराला अंडाभुर्जीच्या गाडीवर गर्दी असते ती याचमुळे का?

इथे गोष्ट जरा विचित्र होते. दारू प्यायल्यावर रक्तातलं घ्रेलिन घटतं. म्हणजे भूक कमी व्हायला हवी. प्रत्यक्षात माणूस भुर्जी संपवून आणखी दोन पाव मागवतो.

एक उत्तर २०१७ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधून आलं. तिथे उंदरांना तीन दिवस दारू दिली, ‘वीकेंड’ साजरा करावा तशी. त्या दिवसांत उंदीर नेहमीपेक्षा जास्त खात होते. मेंदू तपासला तेव्हा हायपोथॅलॅमसमधल्या एजीआरपी नावाच्या पेशी दारूने चेतल्याचं दिसलं. एरवी उपासमारीत पेटणाऱ्या याच पेशी. त्या बंद केल्यावर दारू पिऊनही उंदरांनी जास्त खाल्लं नाही. म्हणजे पोट भरलेलं असताना, शरीरात कॅलरी ओतल्या जात असताना, दारू मेंदूतलं उपासमारीचं बटण बाहेरून दाबते. पोटावर ‘दारूची चरबी’ चढते तिच्यातला मोठा वाटा या भुर्जीचा असतो, हे ग्लासवाले सहसा मान्य करत नाहीत.

उपवासाच्या दिवशी घ्रेलिन दिवसभर वाढत जातं का?

नाही. ते लाटांनी येतं, आणि लाटा तुमच्या नेहमीच्या जेवणाच्या वेळांना येतात. एकादशीला दुपारी एकला पोटात कावळे ओरडतात आणि काही न खाताही तीनच्या सुमारास ते उडून गेलेले असतात, हा अनुभव घराघरात आहे. दारूची तलफही अशीच लाटेसारखी चढते आणि ओसरते. व्यसनमुक्तीचे समुपदेशक ‘ही वेळ टळू द्या’ म्हणतात त्यात तथ्य आहे.

उपवासाचा विषय निघालाच आहे तर श्रावणाबद्दल एक धोक्याची गोष्ट. गटारीपर्यंत रोज भरपूर पिऊन श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम बंद, असं करणाऱ्यांपैकी काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम, भास, प्रचंड थरथर, ताप असं होणं हे तर जिवावरचं असतं. रोज खूप पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबावं, मग महिना कुठलाही असो.

घ्रेलिन अडवणारं औषध काढलं की दारू सुटेल, इतकं सोपं नाही का?

वाटतं तितकं नाही. घ्रेलिनची ग्राही विक्षिप्त आहे: तिच्यावर घ्रेलिन बसलेलं नसतानाही ती बऱ्यापैकी चालूच असते. दार लोटलं तरी फटीतून वारा येत राहावा तसं. म्हणून रक्तातलं घ्रेलिन नुसतं पकडून ठेवण्याचा प्रयत्न उंदरांमध्ये दारूच्या बाबतीत फसला. ग्राहीचं मूळचं चालू असणंच दाबणारं औषध हवं. तसं एक औषध अमेरिकेत माणसांवर तपासलं गेलं. सुरक्षिततेच्या छोट्या चाचणीत आशा दिसली, पण पुढच्या चाचणीत दारूची तलफ घटल्याचं सिद्ध झालं नाही. औषधांच्या जगात हे नेहमीचं आहे. उंदीर बरा होतो, माणूस ताटकळतो.

लेप्टिन आणि इन्सुलिनचं काय?

लेप्टिन हे १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलेलं, चरबीच्या पेशींतून येणारं ‘पुरे झालं’ सांगणारं हॉर्मोन. इन्सुलिनही मेंदूला तृप्तीचा निरोप देतं. दोन्हींचा डोपामिनच्या रस्त्यावर प्रभाव आहे, पण दारूच्या संदर्भात त्यांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. त्यावरून कुणी ठाम काही सांगत असेल तर चार हात लांब राहा.

यकृतही काही निरोप पाठवतं, असं वाचलं. खरं का?

खरं, आणि मला ही सगळ्या गोष्टीतली सुंदर जागा वाटते. दारू प्यायली की यकृत एफजीएफ-२१ नावाचं हॉर्मोन मोठ्या प्रमाणात सोडतं. ते मेंदूत जाऊन ‘आता बस’ असं सांगतं. २०१६ मध्ये एक लाखाहून अधिक लोकांच्या जनुकीय पाहणीत, कोण किती पितो याच्याशी निगडित एक जनुक सापडलं, ते नेमकं याच हॉर्मोनच्या ग्राहीचा भाग बनवणारं निघालं. माकडांना या हॉर्मोनसारखं औषध दिलं तेव्हा त्यांचं पिणं कमी झालं. म्हणजे ज्याला दारूचा सगळा मार सोसावा लागतो तो अवयव हात जोडून वरती विनंती करत असतो. ऐकणं न ऐकणं वरच्याचं.

वजन कमी करण्याची इंजेक्शनं घेणारे म्हणतात की दारू नकोशी झाली. हे खरं असू शकतं?

हो. सेमाग्लुटाइड आणि त्याच्या भावंडांमुळेच हा सारा विषय प्रयोगशाळेतून दिवाणखान्यात आला. भारतात मौंजारो आणि वेगोव्ही ही नावं २०२५ पासून घरोघरी पोचली. वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड जीएलपी-१ या आतड्यातल्या हॉर्मोनची नक्कल करतं. मौंजारोतलं टिर्झेपटाइड त्याच्या जोडीला आणखी एका हॉर्मोनची करतं. जेवल्यावर आतड्यातून सुटणारं जीएलपी-१ इन्सुलिनला मदत करतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला तृप्तीचा निरोप देतं. साध्या शब्दांत, घ्रेलिनच्या उलट बाजूचा गडी.

आता पुरावा. डेन्मार्कमध्ये दारूचं व्यसन असलेल्या १२७ जणांना याच कुळातलं एक्झेनाटाइड किंवा खोटं औषध २६ आठवडे दिलं. २०२२ मध्ये आलेला निकाल विचार करायला लावणारा होता. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर भरपूर पिण्याच्या दिवसांत फरक नव्हता. पण स्कॅनमध्ये, दारूची चित्रं दाखवल्यावर मेंदूतलं बक्षिसाचं केंद्र औषध घेणाऱ्यांत कमी उजळलं. आणि लठ्ठ रुग्ण वेगळे काढले तर त्यांचं पिणं घटलं होतं, तर सडपातळ रुग्णांमध्ये उलट भरपूर पिण्याचे दिवस वाढलेले दिसले.

२०२५ मध्ये अमेरिकेतली सेमाग्लुटाइडची चाचणी आली. ४८ माणसं, ९ आठवडे, मात्रा कमी. पिण्याचे दिवस घटले नाहीत, पण पिण्याच्या दिवशी पोटात जाणारे पेग घटले आणि तलफही कमी झाली. स्वीडनच्या सरकारी नोंदींतून दारूचं व्यसन असलेल्या सव्वादोन लाखांहून अधिक लोकांची पाहणी झाली. सेमाग्लुटाइड चालू असण्याच्या काळात दारूमुळे रुग्णालयात भरती होण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी कमी होती. नोंदींवरून काढलेल्या अशा आकड्याने कारण सिद्ध होत नाही, पण आकडा लहानही नाही.

यात थोडा वाटा जठराचाही आहे. व्हर्जिनिया टेकमधल्या २० जणांच्या एका छोट्या प्रयोगात, ही औषधं घेणाऱ्यांच्या श्वासातली दारू इतरांपेक्षा सावकाश चढली. सावकाश चढणारी नशा मेंदूला तेवढी मोहात पाडत नाही.

मग दारू सोडायला मी ते इंजेक्शन घेऊ का? केमिस्ट देतो म्हणतोय.

नको. केमिस्ट देतो म्हणून तर मुळीच नको. दारू सोडवण्यासाठी या औषधांना मान्यता मिळालेली नाही. मळमळ, उलट्या हे त्यांचे नेहमीचे त्रास. स्वादुपिंडाला सूज येण्याची जोखीमही सांगितली जाते, आणि सतत पिणाऱ्याचं स्वादुपिंड आधीच कुरकुरत असतं. शिवाय डेन्मार्कमधल्या सडपातळ रुग्णांचं काय झालं ते आठवा. आपल्याकडे रोज क्वार्टर मारणारा माणूस बऱ्याचदा हडकुळा, जेवण सोडलेला, बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता असलेला असतो. त्याची उरलीसुरली भूक मारणारं औषध देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

दारूसाठीच तपासलेली औषधं आहेत: नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम. त्यांना ओझेम्पिकसारखं (हेही सेमाग्लुटाइडच) ग्लॅमर नाही, म्हणून कुणी विचारत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. डायसल्फिराम तर पिणाऱ्याच्या नकळत भाजीत मिसळून देण्याचा उद्योग काही घरांत चालतो. तो जीवघेणा ठरू शकतो.

लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर दारूचा त्रास वाढतो, हे कसं?

गॅस्ट्रिक बायपासनंतर जीएलपी-१ भरपूर वाढतं. वरच्या तर्काने माणसाने कमी प्यायला हवं, आणि काही जण पितातही कमी. पण अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दारूच्या समस्येचं प्रमाण शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के होतं, ते पहिल्या वर्षी ७.३ आणि दुसऱ्या वर्षी ९.६ झालं. बायपासमध्ये जठराचा बराच भाग वगळला जातो, दारू जवळजवळ थेट आतड्यात पडते, एका पेगात दोन पेगांचं काम होतं. इथे नळाने हॉर्मोनवर मात केली. शस्त्रक्रियेआधी हे सांगितलं गेलं नसेल तर स्वतःहून विचारा.

मला मधुमेह आहे. काही वेगळी काळजी?

ही गंभीर बाब आहे. उपाशी असताना रक्तातली साखर यकृत सांभाळतं. दारू पचवण्यात गुंतलं की ते नवी साखर बनवणं थांबवतं. त्यात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलेली असेल आणि जेवण राहिलं असेल तर साखर धोकादायक पातळीवर घसरू शकते, कधी कधी काही तासांनी, झोपेत. अडखळणं, बरळणं, घाम, गुंगी: लक्षणं हुबेहूब नशेसारखी. सोबतचे म्हणतात, ‘झोपू दे त्याला, जास्त झालीय.’ झोपू देऊ नका, साखर तपासा. शुद्धीत असेल तर साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट रुग्णालय.

दारू सोडल्यावर गोड खावंसं वाटतं. नवीन व्यसन लागलं का?

सोडल्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत काही रुग्णांमध्ये घ्रेलिन वाढलेलं आढळलं आहे, आणि ज्यांचं जास्त त्यांची तलफही जास्त, असं एका जर्मन अभ्यासात दिसलं. रोज पाच-सातशे कॅलरी देणारा पुरवठा तुटला की शरीर दुसरीकडे हात पसरणारच. जिलबी, चहात जास्तीची साखर, गुळाचा खडा, यावरून घरच्यांनी टोमणे मारू नयेत. साखरेचा आजार नसेल तर पहिले काही आठवडे हे चालवून घ्यावं. जेवणाच्या वेळा मात्र काटेकोर पाळाव्यात, आणि संध्याकाळी पिण्याची जी नेहमीची वेळ असेल तिच्या अर्धा तास आधी पोटात काहीतरी भरीव जावं: उसळ, थालीपीठ, दहीभात, जे घरात असेल ते.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६, दोन्ही मोफत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभागात विचारा. जाताना रुग्णाला उपाशी नेऊ नका.